ऑटोवर भरवसा नाही

"पिंग जातोय ना? मग नेटवर्कचा विषय संपला."

सर्व्हर रूमच्या दारात उभं राहून काका हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणतात. ते सगळ्या ऑफिसचेच काका. साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर, खिशात क्रिम्पिंग टूल. तुमच्याही ऑफिसात असा एक काका असणारच. सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडे असते, तोच.

'ऑटो' या शब्दाशी काकांचं जुनं वैर आहे. घरातलं वॉशिंग मशीन सेमी, आणि मोबाईलचं घड्याळसुद्धा हातानं लावलेलं. याचं मूळ नव्वदच्या दशकात आहे. कार्ड एका कंपनीचं, स्विच दुसऱ्या कंपनीचा. वेग दोघांनी आपसांत ठरवायचा, तर पुष्कळदा जमायचंच नाही. मग जाणती माणसं दोन्ही टोकं हातानं '100 फुल'ला बांधून मोकळी व्हायची. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, हे कबूल करायला हवं. पुढे 1999 साली तांब्याच्या तारेवरून गिगाबिट नेण्याचं मानक आलं आणि त्यात ही आपसांतली बोलणी सक्तीचीच झाली. काकांनी ती बातमी अफवा समजून सोडून दिली.

परवा जुना सर्व्हर निवृत्त झाला आणि त्याच वायरीवर नवा लिनक्सवाला आला. रात्री दहाला लावलेला 40 जीबीचा बॅकअप सकाळी नऊला आम्ही डबे घेऊन आलो तरी चालूच! पिंग मात्र खणखणीत.

काकांनी वायर बदलली. स्वतः क्रिम्प केलेली दुसरी लावली. ड्रायव्हर नवा टाकला. एमटीयू 1500 चा 9000 केला, त्याबरोबर अर्ध्या ऑफिसचं लॉगिन गेलं, म्हणून परत 1500. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकाउंट्सवाल्यांच्या एक्सेल फायलींवर ठपका ठेवला. तिथं त्यांना चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.

शेवटी नव्यानं लागलेल्या मुलीनं सर्व्हरवर इथटूलची कमांड दिली.

"काका, वेग 100, ड्युप्लेक्स हाफ दाखवतंय."

"हाफ? अगं, मी स्वतः फुल केलंय!"

केलं होतं, पण स्विचच्या टोकाला. नवा सर्व्हर ऑटोवर होता. त्यानं हात पुढे केला, तर बांधलेला पोर्ट काही बोलेचना. अशा वेळी कार्डाला समोरच्याचा वेग ओळखता येतो, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे ते हाफ धरून बसतं.

याचा परिणाम समजून घ्यायला आमची सोमवारची मीटिंग पाहावी. साहेब हाफ ड्युप्लेक्स : दुसरा कोणी बोलू लागला की आपलं वाक्य अर्ध्यावर टाकून थांबतात आणि नंतर पहिल्यापासून सुरू करतात. काका फुल : समोरचा बोलतोय की नाही हे न बघता बोलतात. "बरं का" एवढंच म्हणायचं असेल तर अडचण येत नाही, कारण मध्ये धडकायला कोणी नसतं. पिंग म्हणजे तेवढंच. पण साहेबांनी तिमाहीचा अहवाल वाचायला घेतला, की तो दुपारपर्यंत पहिल्या पानावर!

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग जड हातानं त्यांनी पोर्ट ऑटोवर टाकला. दोन सेकंद दिवा विझला आणि पुन्हा लागला. वेग 1000, ड्युप्लेक्स फुल. तोच बॅकअप 7 मिनिटांत आटोपला.

"वायर मी क्रिम्प केलेली होती म्हणून," काका म्हणाले.

त्या स्विचला 24 पोर्ट आहेत. उरलेले 23 अजून 100 फुलवरच आहेत.