ज्वारीसह जहांगीर

मानवतहून मुंबईला निघालेल्या माणसाला 'कशाला चाललास' असं कुणी विचारत नाही. 'सामान किती आहे' एवढंच विचारतात, म्हणजे त्यात आपलं घालता येतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवतो. पुस्तकातल्या गुळगुळीत पानावर बोट ठेवून 'तैलरंगाचा पोत पाहा' असं त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा तो पोत स्वतः बघावा म्हणून निघालो, तर वडिलांनी पोतं हातात दिलं. डोंबिवलीच्या आत्यासाठी १० किलो ज्वारी. वाण 'परभणी मोती', आमच्याच कृषी विद्यापीठानं काढलेलं, दाणा टपोरा. तोंड दाभणानं शिवलेलं.

"संध्याकाळी तुझा आत्तेभाऊ व्हीटीला येऊन घेऊन जाईल. तोवर राहू दे तुझ्यापाशी. त्याला काय खायला घालायचंय?"

सकाळी क्लोक रूमच्या खिडकीशी कळलं, की कुलूप नसलेलं सामान ठेवून घेत नाहीत. पोत्याला कुलूप लावायची सोय अजून निघालेली नाही. मग पोतं खांद्यावर टाकून काळा घोडा गाठला. तिथला आत्ताचा घोडा बिनस्वाराचा, २०१७ सालचा. मूळचा सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच हलवला. तो राजा घोड्यासकट राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. हे संग्रहालय १८७२ चं. मुंबईतले जुने धंदे आणि जातीजमातींचे पोशाख तिथं मातीच्या लहानलहान बाहुल्यांत मांडून ठेवलेत म्हणतात. बुधवारी बंद असतं. मी मुंबईत कोणत्या वारी उतरलो, हे सांगायला नको.

पहिल्याच एका दालनाच्या (नाव सांगत नाही) दारात पोतं अडलं.

"काय आहे?"

"ज्वारी."

वॉकीटॉकीवरून वर विचारणा झाली. वरून उत्तर आलं, धान्य आत नको, उंदीर होतात. काउंटरवरच्या बाईंनी तेवढ्यात गाव विचारलं आणि डोळे मोठे केले, "मानवत? ती मर्डरची वेबसिरीज?" आता मात्र मी चिडलो. ते खून सत्तरच्या दशकातले. त्यानंतरची पन्नास वर्षं आमचं गाव इमानेइतबारे कापूस विकतंय, भाव पडला की रडतंय, पुन्हा कापूसच लावतंय. त्यावर काढा की सिरीज!

जहांगीर आर्ट गॅलरीत जायला तिकीट नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये उभी राहिलेली ही वास्तू. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात, आतही बसतात. आतले आपल्या चित्रांखाली बसून येणाऱ्याच्या बुटांवरून गिऱ्हाइकाचा अंदाज घेतात. मी पायऱ्यांवर पोतं टेकवलं, आणि टेकवताक्षणी त्याची शिवण उसवली.

ज्वारी दगडावर सांडली की तिचा आवाज होतो. तो मुंबईतल्या समस्त कबुतरांना ओळखीचा असावा. दोन मिनिटांत पायऱ्या करड्या झाल्या. एका ताईंनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, "कबुतरांना दाणे टाकायला बंदी आहे, दंड होतो, माहीत नाही?" त्यावर एक शेठ हात जोडून म्हणाले, "टाकू द्या हो, पुण्याचं काम आहे." दोघांची अशी जुंपली, की ज्वारी कुणाची हे विचारायचं राहून गेलं. मी वाकून दाणे गोळा करत होतो. मागून आवाज आला, "साहेब, जरा तसेच थांबा." फुटपाथवरचा एक चित्रकार मला कोळशानं काढत होता, पाठमोरा, वाकलेला. चित्रातलं प्रमाण अचूक होतं. म्हणूनच ते विकत घेतलं नाही.

तेवढ्यात एक सिक्युरिटीवाला धावत आला. दंडाची पावती आली, असंच मला वाटलं. त्यानं काठी आपटून कबुतरं उडवली, उकिडवा बसला, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या काठानं दाणे एका जागी ओढायला लागला. एक दाणा उचलून दाताखाली धरला.

"मोती हाय. कुठली म्हणायची?"

"मानवतची."

"मी जिंतूरचा." मग बराच वेळ नुसता खडे वेचत राहिला. "इथल्या दुकानातलं पीठ विरी गेलेलं असतंय सर. भाकर थापायला घेतली की तुटती. बायकू रोज पिठावर चिडती आन् बोलणी मला बसत्यात."

त्याचा डबा मागून घेतला आणि काठोकाठ भरला. नको नको म्हणत त्यानं झाकण दाबून लावलं. पोतं त्याच्या खुर्चीखाली गेलं आणि मला मुंबईत पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे मिळाले.

आतल्या दालनात पोत मनसोक्त पाहिला; एक रंगाचा फराटा तर नखाएवढा जाड होता. २०२१ मध्ये गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं. तेवढ्याचे किती क्विंटल होतात ते मांडून पाहिलं नि सोडून दिलं. अभिप्राय-वहीत सवयीनं लाल पेनानं लिहिलं : 'छान. छायाप्रकाशाकडे लक्ष द्यावे.' खाली सही, तारीख.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय शेजारीच. वास्तुविशारद विटेटनं बांधलेलं, १९२२ मध्ये लोकांना खुलं झालेलं, कुर्ल्याच्या नि मालाडच्या दगडांचं. एवढं मोठं घर हिंडलो, पण पाय थांबले ते सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या माणसापाशी. कुरळे केस, हातात कमळ. सुमारे दीड हजार वर्षांचा तो दाता पाच सप्टेंबरला वर्गाच्या दाराशी फूल घेऊन 'आत येऊ का सर' म्हणणाऱ्या सातवीतल्या पोरासारखा उभा होता. माझ्या तासाला हे पोरगं मागच्या बाकावर बसलं असतं आणि मी त्याला बादली-तांब्याचं स्थिरचित्र काढायला लावलं असतं.

संध्याकाळी व्हीटीला आत्तेभावाच्या फोनवर आत्या आली.

"अरे, कशाला रे एवढं ओझं? ज्वारी कोण खातंय आता? डॉक्टरांनी मला मिलेट्स सांगितलेत. ऑनलाइन येतात, अर्धा किलोचं पाकीट."

मी पोतं आत्तेभावाच्या खांद्यावर चढवलं.

"आत्याला म्हणावं, मिलेट्सच आहेत. जहांगीरहून आणलेत."