नाव ठाऊक असेल तरच शोधा

१० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ या मुक्त संगणक प्रणालीत ६४ हजारांहून अधिक सॉफ्टवेअर पॅकेजेस आहेत. भांडार प्रचंड, पण शोध शब्द जुळवतो. गरज ओळखत नाही. गोंदियाच्या राइस मिलवाल्याला धानाचा हिशेब ठेवायचा असेल, तर त्याने 'ग्नूकॅश' हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नाव जन्मतःच जाणलेले बरे. लोकप्रियतेनुसार क्रम लावा, असे कुणी सुचवेल. डेबियनची 'पॉपकॉन' गणना तेच करते. तिथे अग्रभागी झळकतात ती प्रत्येक संगणकात आपोआप बसलेली पॅकेजेस! बरे, एवढ्या ढिगाला कामानुसार खुणा लावणार कोण? डेबियनच्या 'डेबटॅग्ज' उपक्रमात स्वयंसेवकांनी त्या लावल्याही. आपल्या मिलवाल्याने फक्त 'ऑफिस::फायनान्स' असे लिहायचे. मधली ती विसर्गांची जोडगोळी व्याकरणात कुठे बसते, हे विचारायचे नाही.