इंडीकर बार्सिलोनाला जातो

इंडीकर ओळखायला अवघड नाही. (विजापूर जिल्ह्यात लिंबांसाठी प्रसिद्ध असलेलं इंडी नावाचं गाव आहे. तिथल्या खऱ्याखुऱ्या इंडीकरांनी राग मानू नये.) वय पस्तिशीपलीकडे, नोकरी हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत, गृहकर्जाचे हप्ते चालू, गुडघे नुकतेच कुरकुरायला लागलेले आणि अंगात काळा टी-शर्ट. टी-शर्टावरचं बँडचं नाव वाचून लिफ्टमधले शेजारी विचारतात, "नवीन कंपनी का?" या प्रश्नाने इंडीकर दिवसभर खुशीत असतो. त्याला धास्ती असते ती उलट प्रसंगाची. "अरे वा, हे मी पण ऐकतो" असं कुणी म्हणालं, की तो टी-शर्ट दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसायला.

बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात न जाता छोट्या, स्वतंत्र लेबलांनी काढलेलं संगीत ते इंडी, अशी याची जुनी ओळख. १९७८ च्या सुमारास इंग्लंडात रफ ट्रेड, फॅक्टरी अशी लेबलं निघाली आणि पुढे त्यांचा एक पंथच झाला. पण इंडीकराची व्याख्या याहून सुटसुटीत आहे. जे मावसभावाला माहीत नाही ते इंडी. मावसभाऊ कोल्डप्लेवाला. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नेरूळला आले तेव्हा तो सासू-सासऱ्यांसकट जाऊन आला आणि मनगटावर लुकलुकणाऱ्या पट्ट्यांचे फोटो त्याने फॅमिली ग्रुपवर टाकले. इंडीकर त्या आठवड्यात ग्रुप म्यूट करून बसला होता.

तसा तो हळवा माणूस. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हा त्याने घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा केला होता. आपण तिथून शेवटची सीडी कॉलेजात असताना घेतली आणि मधली सगळी वर्षं गाणी फुकटात उतरवून घेतली, हा तपशील त्याने शोकसंदेशातून वगळला.

अशा माणसाचा जीव गावातल्या जलशात रमत नाही. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला तेव्हा पहिली दोन वर्षं तो मनापासून नाचला. मग तिथे ऑफिसातली माणसं दिसायला लागली. अरुणाचलातला झिरोचा महोत्सव ऐकायला छान, पण "तिथेही आता रील काढणारे पोचलेत." उरतं परदेश. ग्लास्टनबरी? तिकडे फार गर्दी आणि त्याहून फार चिखल. इंडीकराला चिखलाचं वावडं आहे, कारण चार महिने तो तोच तुडवत असतो. सगळ्याला नाकं मुरडून झाली, की मग उरतो बार्सिलोनाचा प्रिमावेरा साउंड.

हा महोत्सव २००१ पासून चालू आहे आणि २००५ पासून समुद्रकाठच्या पार्क देल फोरुममध्ये भरतो. नावात पार्क असलं तरी तिथे गवत शोधावं लागतं. २००४ साली एका मोठ्या जागतिक सोहळ्यासाठी बांधलेलं हे काँक्रीटचं पठार. एका टोकाला इमारतीएवढं तिरकं सौरपॅनेल आणि पलीकडे भूमध्य समुद्र. मेच्या अखेरीला नाहीतर जूनच्या सुरुवातीला जगभरातले इंडीकर इथे जमतात आणि आपण एकटेच आलो आहोत अशा चेहऱ्याने लाखाच्या गर्दीत वावरतात.

या सगळ्याची सुरुवात होते कार्यक्रमपत्रिकेच्या पोस्टरपासून. ते प्रसिद्ध होतं त्या दिवशी इंडीकराचं ऑफिसातलं काम शून्य. सामान्य माणूस पोस्टर वरून वाचतो, हा खालून. आपल्याकडे लग्नपत्रिका हातात पडली की आत्याबाई वधूवरांची नावं सोडून आपलं नाव निमंत्रकांत कुठे आणि किती मोठ्या टायपात आहे ते आधी पाहतात, अगदी तसं. सगळ्यात खालच्या ओळीतलं, भिंगाशिवाय न दिसणारं एखादं नाव सापडलं की तो खुर्चीतून उठतो. तेच नाव पुढच्या वर्षी दोन ओळी वर चढलं, तर "विकले गेले" असा निकाल देतो. २०२५ च्या पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत चार्ली एक्ससीएक्स, सॅब्रिना कारपेंटर आणि चॅपल रोन अशा तीन पॉप गायिका होत्या. इंडीकराने त्या संध्याकाळी जेवण अर्ध्यावर टाकलं. त्याची आठवीतली भाची मात्र तेच पोस्टर पाहून म्हणाली, "मामा, मला पण ने ना!" हा घाव अजून भरलेला नाही.

पण मला सांगायचंय ते २०२२ चं प्रकरण. त्याची मुळं २०१९ मध्ये आहेत. वीस वर्षांपूर्वी फुटलेला पेव्हमेंट हा कॅलिफोर्नियाचा बँड २०२० साली पुन्हा एकत्र येऊन प्रिमावेरात वाजवणार, असं जाहीर झालं. मधे २०१० साली ते एकदा एकत्र आले होते, पण तेव्हा इंडीकर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला. या वेळी त्याने तिकीट काढलं. मग करोना आला. २०२० चा महोत्सव गेला, २०२१ चाही गेला. घरात बसून सगळे आंबवलेल्या पिठाचे पाव करत होते, तेव्हा हा रोज रात्री मेलबॉक्स उघडून तिकीट जागेवर आहे ना ते पाहून झोपायचा. शेवटी २०२२ साली महोत्सव एकाऐवजी दोन आठवड्यांत विभागून ठरला. इंडीकराने पहिला आठवडा निवडला, कारण त्यात पेव्हमेंट होते आणि न्यूयॉर्कचे द स्ट्रोक्ससुद्धा होते. दुसरा आठवडा म्हणे हौशी लोकांसाठी.

शेंगेन व्हिसा हा या संगीताचा आलाप आहे. लांबलचक, आणि समेवर कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचं आयकर विवरण, रजा मंजूर झाल्याचं पत्र, ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो. त्या फोटोत कुठलाही निष्पाप माणूस फरारी दिसतो. खात्यात शिल्लक भरघोस दिसावी म्हणून बाबांनी मुदतठेव मोडून पैसे वळते केले. ते आपल्या मुलाला कॅलिफोर्नियातल्या बेसूर लोकांचं गाणं ऐकायला स्पेनमध्ये जाता यावं म्हणून, हे त्यांना नीटसं सांगितलं नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "प्रवासाचं कारण?"

"संगीत महोत्सव."

"अरे वा! तुमचा कार्यक्रम आहे?"

"नाही. ऐकायला."

"फक्त ऐकायला?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यूट्यूबवर नसतं का?"

इंडीकर निमूट दहा बोटांचे ठसे देऊन आला.

घरी आईने परस्पर "कंपनीने पाठवलंय" असं जाहीर करून टाकलं होतं. तिची अडचण मला समजते. "मुलगा उभं राहायला स्पेनला गेलाय" असं भिशीत सांगणार कसं? तिने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी दिली आणि मेतकुटाची पुडी बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवली. सामान भरताना तिला छोट्या डबीत कानात घालायचे बोळे सापडले.

"हे रे काय?"

"आवाज फार असतो तिथे. कान सांभाळावे लागतात."

"म्हणजे एवढे पैसे घालून ऐकायला चाललायस आणि कानात बोळे घालून बसणार?"

"बसणार नाही गं. उभा राहणार."

मायकल जॅक्सनच्या काळातही कुणाला कानात बोळे घालावे लागले नव्हते, असं ती म्हणाली. माय ब्लडी व्हॅलेंटाइन नावाचा बँड तर दारातच प्रेक्षकांना बोळे वाटतो, हे सांगून वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

बाबांनी मात्र पेपर खाली ठेवून पहिल्यांदाच रस घेतला. ते जुने सवाईवाले. थर्मास, घोंगडी आणि कोपऱ्यातली ठरलेली जागा.

"किती वाजेपर्यंत चालतं?"

"सकाळी सहापर्यंत."

बाबांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. "आमचं सवाईपण सकाळपर्यंत चालायचं. मग तो रात्री दहाचा नियम आला आणि सगळं शाळेच्या वेळेत बसवावं लागलं. पहाटेचे राग ऐकायचे तर आता स्पेनलाच जायला हवं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भैरवी कोण म्हणतं?"

हा प्रश्न अगदी अचूक होता, कारण प्रिमावेराला खरोखर भैरवी असते. शेवटच्या रात्री उजाडताना दरवर्षी तोच माणूस महोत्सवाची सांगता करतो.

"डीजे कोको," इंडीकर म्हणाला.

बाबांनी पेपर पुन्हा वर घेतला.

बार्सिलोनात पोचल्यावर पहिला अडथळा प्रवेशद्वारावर. पिशवी तपासणाऱ्या तरुणाच्या हाताला ती पारदर्शक पुडी लागली, आत बारीक पिवळसर पूड. त्याने इंडीकराकडे पाहिलं. इंडीकराला "भाजलेल्या डाळींचं आहे, भातावर घेतात" हे स्पॅनिशमध्ये येईना. तरुणाने पुडी उघडून हुंगली, सहकाऱ्याला हुंगायला दिली, आणि दोघांनी ती मोठ्या अदबीने परत केली. पेव्हमेंटला नंतर टाळ्या वाजवताना इंडीकराच्या हातांना हिंगाचा वास येत होता.

आत गेल्यावर आनंद सुरू होईल, असं आपल्यासारख्यांना वाटतं. इंडीकराच्या बाबतीत सुरू होतं ते वेळापत्रक. एकाच वेळी अनेक मंचांवर कार्यक्रम, आणि एका टोकाच्या मंचावरून दुसऱ्या टोकाला जायचं तर गर्दीतून तंगडतोड. त्याने घरूनच एक्सेलची शीट आणलेली, तीन रंगांत. हिरवा म्हणजे पूर्ण ऐकायचं, पिवळा म्हणजे पहिली वीस मिनिटं, लाल म्हणजे जाता जाता. कुठलंही गाणं रंगात आलं की हा घड्याळ पाहतो आणि निघतो. दुसरीकडे पोचतो तेव्हा तिथले लोक "काय सुरुवात केली यार!" असं म्हणत असतात. त्याने तीन दिवसांत जितके बँड ऐकले त्यांतल्या निम्म्यांची सुरुवात त्याला माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्यांचा शेवट.

स्थानिक मंडळी तर संध्याकाळी फिरकतही नाहीत. सूर्यच नऊनंतर मावळतो, जेवणं दहाला, आणि ती टवटवीत होऊन अकराला येतात. इंडीकर साडेचारपासून काँक्रीटवर उभा. त्याची उभं राहण्याची पद्धतही ठरलेली आहे. हात छातीशी बांधलेले, मान किंचित हलणारी, चेहरा ऑडिटरचा. आवडलं तर मान थोडी जास्त हलते. आजोबांच्या पिढीतलं "क्या बात है" त्याला येत नाही आणि शेजारच्या स्कॉटिश माणसासारखं बियर उडवणं संस्कारात बसत नाही. रात्री दोनला पाय गेले, तीनला पाठ गेली. मेट्रो शनिवारी रात्रभर असते, गुरुवारी नाही. त्यामुळे सकाळी पाच वाजेपर्यंत निष्ठा टिकवणं त्याला भागच पडलं.

पेव्हमेंट ऐकताना मात्र तो रडला, हे त्याने मला सांगितलंय. तो चेष्टेचा भाग नाही.

दुसऱ्या दिवशी तो एका छोट्या मंचापुढे उभा होता. बँड अगदी तळाच्या ओळीतला, समोर मोजकीच डोकी. सात हजार किलोमीटर आल्याचं सार्थक झालं, असं मनात येतंय तोच मागून पुटपुटणं ऐकू आलं, "काय खांबासारखा उभा राहिलाय."

इंडीकराच्या पोटात गोळा आला. तो मागे वळला. मागचा माणूसही दचकला. त्याच्याही अंगात काळा टी-शर्ट.

"कुठले तुम्ही?"

"डोंबिवली."

"पूर्व?"

"पूर्व. तुम्ही?"

"कोथरूड."

"हं."

त्या "हं" मध्ये दोघांचं बरंच दुःख होतं. मग सामना सुरू झाला.

"काल पेव्हमेंट ऐकलं का?"

"ऐकलं. पण २०१० ची मजा नाही आली. तेव्हाही इथेच वाजवले होते ना."

इंडीकर गप्प. त्याने हुकमाचं पान काढलं. "शेलॅक?"

"ते तर जवळपास दरवर्षी असतात इथे. त्यांना मी आता मोजत नाही."

(त्या शेलॅकचा स्टीव्ह अल्बिनी २०२४ च्या मेमध्ये, महोत्सव तोंडावर असताना वारला. बातमी आली त्या रात्री डोंबिवलीकराने इंडीकराला फोन केला होता. दोघं बराच वेळ बोलले. मुख्यतः कुणी त्याला किती जवळून पाहिलं होतं यावर.)

दिलजमाई झाली ती एका समान आपत्तीने. स्ट्रोक्स येणार नव्हते. मंडळींत एकाला करोना निघाला होता. दोन वर्षं त्या रोगाने तिकीट अडवून धरलं आणि व्हिसा, विमा, विमान सगळं जमल्यावर त्यानेच ऐनवेळी गाठलं. कोथरूड आणि डोंबिवली सौरपॅनेलखाली बसले आणि त्यांनी दशम्या संपवल्या. पुढच्या आठवड्यात, त्या हौशी लोकांच्या आठवड्यात, स्ट्रोक्स आले आणि वाजवून गेले. तोवर इंडीकर हिंजवडीत सकाळच्या मीटिंगला उभा होता.

खरी गंमत पुढेच झाली. आठ महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, मुंबईत पहिलं लोलापलुझा झालं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. आणि वाजवायला स्ट्रोक्स! ना व्हिसा, ना विमा, ना बोटांचे ठसे. शिवनेरीने दादर, तिथून लोकल. इंडीकराला हे सगळंच संशयास्पद वाटलं. "कॉर्पोरेट असणार," तो म्हणाला. आईने फक्त "मग तिकडे कशाला गेला होतास रे?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती कुकर लावायला गेली.

तो गेला अर्थातच. हात बांधून, मान किंचित हलवत त्याने ऐकलं. परत आला तेव्हा घरी मावसभाऊ बसलेला.

"काय रे, कसे झाले तुझे स्ट्रोक्स?"

"ठीक," इंडीकर बूट काढत म्हणाला. "बार्सिलोनाची सर नाही."

"पण तिथे तर ते आलेच नव्हते ना?"

"नव्हते आले," इंडीकर म्हणाला, "पण साउंड फार चांगला होता तिथला."