भंडाऱ्यात ऑर्किड पोसण्याची नियमावली

धान, तळी आणि पितळी भांडी एवढ्यावर समाधान न मानता ज्या भंडारावासीयांनी घरात ऑर्किड आणायचे ठरवले आहे, त्यांच्या हितार्थ पुढील नियम जारी करण्यात येत आहेत.

नियम १ : ओळख. रोपवाटिकेतून रुंद पाकळ्यांचे जे महागडे झाड घरी येते, ते बहुधा फॅलेनॉप्सिस. त्याला बाहेरून बदलीवर आलेला साहेब समजावे. ऊन चालत नाही, थंडी सोसत नाही, कोरडी हवा मानवत नाही. पूर्वेची खिडकी द्यावी आणि तक्रारींची तयारी ठेवावी.

नियम २ : माती. ऑर्किडला माती नको, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदम सांगू नये. हे झाड मुळात दुसऱ्या झाडाच्या सालीवर राहणारे, मातीत त्याची मुळे गुदमरून कुजतात. कोळसा, नारळाची सोडणे, विटांचे तुकडे वापरावेत. स्लॅब टाकताना उतरवलेली कवेलू परसात पडून असतील, तर त्यांचेही तुकडे चालतात. पितळी गुंड शोभून दिसतो, पण त्याला खाली भोक नसते. सबब मनाई.

नियम ३ : पाणी. सर्वाधिक ऑर्किडे इथेच दगावतात. रोवणीच्या बांधीत साचलेले पाणी बघत वाढलेल्या माणसाला कोरडी कुंडी बघवत नाही. मुळे हिरवी दिसली की पाणी पुरे, चंदेरी पांढरी झाली की द्यावे. घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याने पाणी घातले नसेल असे वाटते आणि दिवसात चारदा आंघोळ होते. त्यासाठी वही ठेवून सही घ्यावी.

नियम ४ : नवतपा. पारा ४५ अंशांकडे गेला की कूलरचा दमटपणा कामी येतो. मात्र झोत थेट पानांवर नको. कूलरसमोरच्या जागेवर आजोबांचा हक्क आधीचा आहे. वाटाघाटी हिवाळ्यातच उरकाव्यात.

नियम ५ : फुले. दिवाळीनंतर रात्री गार होतात. असा गारवा काही आठवडे मिळाला की फॅलेनॉप्सिस दांडा काढते. कडाक्याच्या थंडीत मात्र खिडकी लावून घ्यावी. फुले दोन-तीन महिने टिकतात, म्हणून पाहुण्यांना ती प्लास्टिकची वाटतात आणि ते नखाने टोचून खात्री करतात. पाहुण्यांना चहा देताना त्यांचे दोन्ही हात गुंतवून ठेवावेत.

नियम ६ : स्थानिक उमेदवार. एवढी उस्तवार चालू असताना बाहेर आंब्याच्या फांदीवर व्हँडा टेसेलाटा हे आपल्याकडचे ऑर्किड भर उन्हाळ्यात फुलते. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली पाकळी निळी-जांभळी, वर सुगंध. त्याला ना कूलर, ना वही, ना सही. लोक त्याला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ झाडात मुळे खुपसून रस ओढते. हे बिचारे नुसते फांदीला धरून बसते.

नियम ७ : मोह. हे वाचून कोणी कोका अभयारण्याकडे पिशवी घेऊन निघाले असेल, तर परत फिरावे. अभयारण्यातली झाडे उपटणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते आणि योग्य बुरशी भेटल्याशिवाय रानात रुजत नाही. उपटलेल्या झाडाची जागा भरायला वर्षे लागतात.

तेव्हा हौस असेल तर रोपवाटिकेतला साहेब सांभाळा. आणि शेतातल्या आंब्यावर व्हँडा असेल, तर त्या फांदीला कुऱ्हाड लावू नका. भंडाऱ्यात ऑर्किड जगवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.