कुंपणावरची शिफारस

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंगणात उतरायचं म्हणजे अंगात जॅकेट आणि डोक्यात मेथी, अशी आमची अवस्था असते. माती अजून गार असते, पण हात शिवशिवतात. त्या दिवशी हरणांनी वाकवलेली जाळी मी सरळ करत होते, तेवढ्यात पलीकडून शुभाची हाक आली. हातात वाटी, वाटीत आंबेडाळ. चैत्र लागला की ही बाई ओक ट्री रोडवरची चार दुकानं पालथी घालून कैरी आणणार म्हणजे आणणारच. पण आंबेडाळ हे निमित्त. काहीतरी मनात घेऊन आली आहे, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"ताई, तुमच्या थोरलीच्या वेळी शिफारसपत्रं कुणाकुणाची घेतली होती हो तुम्ही?"

"मी कोण घेणार बाई? तिची तिनं घेतली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं."

तिचा ओम यंदा मेडिकलला अर्ज करणार. राज्याच्या विद्यापीठात तिसरं वर्ष, एमकॅट देऊन झालेली, मार्क चांगले. अडलंय ते पत्रांवर.

"ह्यांचं म्हणणं, आपल्या मंडळातले ते हार्ट सर्जन आहेत ना, त्यांना विचारायचं. केवढं नाव आहे त्यांचं! आणि ओमला दरवर्षी गणपतीत बघतातच."

"कुठे बघतात?"

"ढोल वाजवताना."

मला हसू आवरेना. ती जराशी रुसली, म्हणून मग खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडच्यांनीही हाच घोळ घातला होता. त्याच डॉक्टरांना फोन केला होता, लेकीला न सांगता. तो गृहस्थ भला. म्हणाला, "अहो, लिहायला माझी ना नाही, पण लिहू काय? मुलगी गोड आहे, आरतीला वेळेवर येते, एवढंच मला ठाऊक. वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळेल की मी तिला ओळखत नाही." फोन ठेवल्यावर आमच्याकडचे दोन दिवस गप्प होते. तेवढाच मला आराम.

दोष त्यांचाही नाही म्हणा. आपल्या कानाला शिफारस म्हटलं की वशिलाच ऐकू येतो. चिठ्ठी कुणाची, यावर काम होणार. चिठ्ठीत काय लिहिलंय ते कोण बघतो? आणि मेडिकलच्या बाबतीत तर आपल्याला पत्रांची सवयच नाही. माझा भाऊ मिरजेला मेडिकलला गेला तो बारावीच्या मार्कांवर. एक आकडा, फळ्यावर एक यादी, संपला विषय. आता 'नीट' परीक्षा आली, ७२० पैकी किती ते सांगा. पोरगा माणूस म्हणून कसा आहे, हे विचारायची पद्धतच नाही. भावाच्या फायलीत कागद होता तो चारित्र्याच्या दाखल्याचा. माझे वडील कॉलेजात शिकवायचे, त्यांच्या खणात त्या दाखल्यांचा सायक्लोस्टाइल केलेला गठ्ठाच असायचा. नावाची जागा मोकळी. वर्तन उत्तम असल्याचं आधीच छापलेलं, मग ते कुणाचंही असो.

"इथे तसं नाही चालत," मी शुभाला म्हटलं. "इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना आहे, एएएमसी. ती तर शिफारस हा शब्दही वापरत नाही. मूल्यमापनाचं पत्र म्हणते. लिहिणाऱ्यांना त्यांच्या सूचना आहेत. मुलाबद्दल लिहा, तुमच्या प्रयोगशाळेची नि विषयाची महती गाऊ नका. किती दिवस ओळखता ते सांगा, स्वतः काय पाहिलंत ते सांगा. नुसते मार्क लिहू नका, ते आम्हाला दिसतातच."

"मग मोठं नाव काही कामाचं नाही?"

"नाव असू दे की मोठं, ओळखत असेल तर दुधात साखर. पण नुसती साखर किती खाणार?"

तिनं कुंपणावर कोपर टेकलं. मी ओळखलं, बैठक लांबणार. आंबेडाळीत चमचा घातला.

तिला मूळ हिशेब सांगितला. बहुतेक ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात, एक विज्ञानाबाहेरच्याचं. पण प्रत्येक कॉलेजाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे ज्याची त्याची वेबसाइट बघायची. एमकॅसच्या, म्हणजे मेडिकलच्या सामायिक अर्जात पत्रांची दहा घरं असतात. दहा घरं आहेत म्हणून दहाही भरायची नसतात, हे आपल्या लोकांना पटवणं अवघड. बुफेला ताट लहान पडतं आपल्याला.

"आणि ते कमिटी लेटर काय असतं हो?"

त्या नावानंच माझा रक्तदाब वाढतो. काही कॉलेजांत प्री-मेडवाल्यांची एक समिती असते. ती सगळी पत्रं गोळा करते, मुलाशी बोलते आणि सगळ्यांचं मिळून एक पत्र करते. अशी सोय असून तुम्ही ती घेतली नाहीत, तर काही मेडिकल कॉलेजं विचारतात, का बुवा? आमच्या थोरलीच्या कॉलेजात होती समिती. कागद जानेवारीत द्यायचे होते, हिला कळलं फेब्रुवारीत. ईमेल पाठवली होती म्हणे. त्या कॉलेजचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. ओमकडे ती भानगडच नाही, तेव्हा सुटलात.

"बरं, विज्ञानाचे दोघं कोण?" मी विचारलं.

"बायोलॉजीचे एक आहेत. ए मिळालाय त्याला. दुसऱ्या कुणाचं ठरत नाही. ऑरगॅनिकच्या बाई आहेत, पण तिथे बी प्लस. ह्यांचं म्हणणं, बी प्लस दिलेल्या बाईकडे कशाला जायचं तोंड घेऊन?"

"बायोलॉजीच्या सरांना ओम माहीत आहे?"

"तीनशे मुलं असतात वर्गात, ताई."

"आणि ऑरगॅनिकच्या बाईंना?"

"त्यांच्या ऑफिस अवर्सना तो दर बुधवारी जायचा. पहिल्या परीक्षेत त्याची पार वाट लागली होती. मला सांगितलं नव्हतं, नंतर कळलं. मग बसून बसून वर आणला. पुढच्या वर्षी त्यांनीच त्याला बोलावलं, नवीन मुलांना शिकवायला."

अशी ही शुभा! सोनं हातात घेऊन पितळ शोधत कुंपणापर्यंत आलेली. मी म्हटलं, अगं, त्या बाईंनी पोराला पडताना बघितलंय आणि उठतानाही बघितलंय. बायोलॉजीचे सर लिहून लिहून काय लिहिणार? ओमला ए मिळाला, वर्गात पहिल्या पाच टक्क्यांत होता. ते गुणपत्रकावर आहेच. उलट मला तर वाटतं, बी प्लस देणारी बाई चांगलं लिहिते तेव्हा वाचणारा जरा सावरून बसत असेल.

"पण बायोलॉजीचं लागेलच ना एक?"

"त्याचीही युक्ती आहे. प्रयोगशाळेत टीए, म्हणजे सरांचा शिकवायचा मदतनीस, होता ना कुणी? ओमला रोज बघणारा?"

"होती एक मुलगी. अजून बोलते त्याच्याशी."

"मग तिनं लिहायचं आणि सरांनी तिच्याबरोबर सही करायची. सर्रास चालतं. चोरी नाही ती. नुसती टीएची सही मात्र पुरत नाही."

विचारायचं कसं, यावर मी जरा लांबण लावली, कारण थोरली तिथेच शहाणी ठरली होती. तिनं कुणालाही "पत्र द्याल का?" असं विचारलं नाही. "माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल का तुम्हाला?" असं विचारलं. त्या भक्कम शब्दात समोरच्याला सुटायला वाट असते. एक प्राध्यापक म्हणाले, "देईन की. तुझं गुणपत्रक पाठव, म्हणजे तू कोण ते आठवेल." तिनं आभार मानले आणि परत कधी त्यांच्या दारात गेली नाही. मी तेव्हा तिला वेड्यात काढलं होतं. मिळत असलेलं पत्र सोडते म्हणजे काय! आता कळतं, कोमट पत्र हे नसलेल्या पत्रापेक्षा वाईट. लग्नाच्या बोलण्यांत नाही का, मुलीबद्दल विचारलं की मावशी म्हणते, "घर नीटनेटकं ठेवतात हो ती माणसं." झालं, समजायचं ते समजतं.

मग इतर बारीकसारीक. डॉक्टरच्या मागे दोन दिवस फिरलं म्हणून त्यांचं पत्र मागू नये. डीओवाल्या, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांना अर्ज करणार असेल तर मात्र डीओ डॉक्टरचं पत्र बरेचदा लागतं. (आपल्या लोकांना डीओचा कसला कमीपणा वाटतो, ते तेच जाणोत.) लिहिणाऱ्याला निदान दीड-दोन महिने द्यावेत, सोबत आपल्या कामांची यादी आणि निबंधाचा मसुदा द्यावा. एमकॅसची पडताळणी पत्रांसाठी थांबत नाही, त्यामुळे अर्ज जूनमध्ये टाकून मोकळं व्हावं. पण पत्रं पोचल्याशिवाय बहुतेक कॉलेजं फाइल हातात घेत नाहीत, आणि प्राध्यापक मंडळी उन्हाळ्यात गायब होतात.

"स्क्वाडच्या कॅप्टनचं घ्यावं का, ताई?" शुभानं एकदम विचारलं. "ओमच्या मनात आहे. ह्यांना आवडलेलं नाही. तो माणूस पोस्टमन होता पूर्वी."

गावातल्या फर्स्ट एड स्क्वाडवर ओम शनिवार-रविवारी रात्रपाळी करतो. ईएमटीचा कोर्स केलाय त्यानं, एक पैसा न घेता अँब्युलन्सवर जातो.

"पोस्टमन असो नाहीतर पंतप्रधान. रात्री दोन वाजता कुणा म्हाताऱ्याला जिन्यावरून खाली उतरवताना तुझा मुलगा कसा वागतो, हे त्या माणसाशिवाय कुणी पाहिलंय? तू पाहिलंयस? सर्जननी पाहिलंय?"

ती गप्प झाली. प्राध्यापकांच्या पत्रांची भरपाई कॅप्टनच्या पत्रानं होत नाही, हे मी सांगितलं. पण त्यांच्या जोडीला ते हवंच. इंग्रजी दोन ठिकाणी चुकलं तरी चालेल.

"आणि ही पत्रं आपल्याला दाखवतात ना?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मीही विचारला होता.

"नाही. १९७४ च्या कायद्यानं मुलाला वाचायचा हक्क आहे, पण अर्ज करताना तो सोडून द्यायचा असतो. सोडला नाही तर कॉलेजवाले म्हणणार, पत्र मोकळेपणानं लिहिलेलं नाही. ओमलाच दिसणार नाहीत, तर तुला कुठून?"

"म्हणजे चार परकी माणसं माझ्या मुलाबद्दल लिहिणार, हजार मैलांवरची चार माणसं वाचणार, आणि मला कळणारच नाही काय लिहिलं ते?"

"नाहीच."

तिनं माझ्या हातातली रिकामी वाटी घेतली, पण गेली नाही. "तुमचं पत्र चाललं असतं तर बरं झालं असतं," म्हणाली. "निदान तुम्ही मला सांगितलं असतं."

"माझं चालत नाही. शेजारी नि नातेवाईक बाद." मग मीच म्हटलं, "पण लिहिलं असतं तर फेब्रुवारीतलं लिहिलं असतं."

"काय फेब्रुवारीतलं?"

आमच्याकडच्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोनदा जोरदार बर्फ पडलं. दोन्ही वेळा सकाळी उठून बघते तर आमचा ड्राइव्हवे साफ. पायऱ्यांवर मीठसुद्धा टाकलेलं. मला वाटलं, शहाणं झालं एडिसन टाउनशिप! तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पहाटे साडेपाचला खिडकीतून बघितलं, तर रात्रपाळीचं जॅकेट घालून ओम फावडं मारत होता. मी दार उघडलं तर तोंडावर बोट ठेवलं त्यानं. आईला सांगू नका म्हणाला.

शुभा बघतच राहिली. डोळे भरले की काय असं वाटलं मला, मीही पदर नसताना पदर शोधायला लागले.

"साडेपाचला?" ती म्हणाली.

"साडेपाचला."

"मेल्यानं आमच्या ड्राइव्हवेला कधी फावडं लावलं नाही हो, ताई! पाठ दुखते म्हणाला होता मला!"

आणि वाटी तशीच हातात घेऊन तरातरा आत गेली, ओमला उठवायला.