झरीतून जगात: एक जाहीर निवेदन

समस्त प्राध्यापकवर्गास कळविण्यास आनंद होतो की, परभणी-जिंतूर रस्त्यावरील मौजे झरी येथून आम्ही एक आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड जर्नल काढत आहोत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. म्हणजे अर्धं आंतरराष्ट्रीयत्व जन्मजातच आहे. उरलेलं नावात 'ग्लोबल' घातलं की झालं.

विषयाचं बंधन नाही. गुलाबी बोंडअळी, जनाबाईंच्या अभंगांतील स्त्रीजाणीव आणि जीएसटीचा योगासनांवरील परिणाम, सगळं एकाच अंकात बसेल. सोमवारी पेपर पाठवा, बुधवारी स्वीकृतिपत्र घ्या, शुक्रवारी प्रमाणपत्र. फी दोन हजार. सहलेखकाच्या प्रमाणपत्राचे वेगळे पडतील. गाइडचं नाव मात्र फुकट, कारण ते घालावंच लागतं.

आयएसएसएन नंबरासाठी अर्ज केला आहे. त्याला पैसे पडत नाहीत. ती नुसती ओळख, दर्जाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ते आठ आकडे मुखपृष्ठावर ठळक छापले की मुलाखत समिती आदराने मान डोलावते. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला, त्याचा हिशेब. आमचा आम्हीच काढला. 7.3 आला. कमी वाटत असेल तर कळवावे.

संपादक मंडळाची चिंता नको. पोलंडमधल्या काही संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका विदुषीचा अर्ज 360 जर्नलांना धाडला होता. 48 जणांनी तिला संपादकपद देऊन टाकलं, असं त्यांनी 2017 मध्ये जाहीर केलं. आमच्या मंडळावर निदान जिवंत माणसं आहेत. त्यांना अजून कळवलेलं नाही, एवढंच.

अडचण आली ती रेफरी नेमताना. गावातले एक काका सोयाबीन करतात, त्यांना विचारलं. म्हणाले, "आणा की सर पेपर, वाचून सांगतो." वाचून! आम्ही समजावलं की वाचायचं काही नसतं, नुसती सही लागते. काका म्हणाले, "मी बियाण्याची पिशवी घेतो तवा कंपनी बघतो, लॉट नंबर बघतो, पक्की पावती घेतो. तरी घरी आणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर उगवले तर पेरतो. तुमच्या पेपराची उगवण कुणी बघतं का न्हाई?" असा माणूस मंडळावर घेणं परवडणारं नव्हतं.

नावं ठेवणाऱ्यांनी जरा इतिहास पाहावा. 2010 मध्ये यूजीसीने एपीआय आणला आणि विद्वत्तेचे गुण मोजायला सुरुवात झाली. पेपर मोजायचे म्हटल्यावर ते पुरवणारेही निघणारच. 2017 मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची यादी काढली. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी पुण्यात त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली 1,009 जर्नलं तपासली, तर 88 टक्क्यांहून जास्त नापास. मे 2018 मध्ये 4,305 नावं उडाली. 2019 मध्ये 'केअर' यादी आली, तर त्यातल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली वेबसाइटी निघाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती उठली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीच बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता जर्नल कसं निवडायचं ते ज्याच्या त्याच्या विद्यापीठाने ठरवायचं. एवढे वळसे पडले, पण कुणी काही वाचायला सांगितल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

काही जण याचं खापर ओपन ॲक्सेसवर फोडतात. तो अन्याय आहे, आणि आमच्यासारख्या धंदेवाल्यांना तो फार सोयीचा आहे. 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मागितलं होतं ते इतकंच की संशोधन कुणालाही फुकट वाचता यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठात लोकांच्या पैशातून तुरीवर झालेलं काम झरीच्या पोराला मोबाइलवर दिसावं, यात वाईट काय? वाचक फुकट वाचतो तेव्हा खर्च दुसरं कुणी उचलतं. कधी संस्था: मुंबईच्या केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' 1955 पासून निघतं, आणि इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातच ते लेखकाकडून फी न घेता सगळ्यांना खुलं झालं. कधी लेखक: 'नेचर'ने हा पर्याय जाहीर केला तेव्हा दर होता 9,500 युरो, म्हणजे आठ लाखांच्या वर. आमचे दोन हजार त्यापुढे धर्मादायच. फरक एकच, तिथे पेपर नाकारतात.

आमच्यासारख्यांना ओळखण्याची युक्ती काकांनी फुकटात सांगून टाकली आहे, आणि ती गावभर पसरली तर आम्ही बुडालो. संपादकाचं नाव त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतं का? फी आधी सांगितली की स्वीकृतीनंतर? जर्नल डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या सूचीत आहे का? असेल तरी मागचे दोन अंक उघडून चार लेख वाचले का? 2013 मध्ये जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून रचलेला कर्करोगाच्या औषधाचा पेपर 304 जर्नलांना पाठवला आणि 157 जणांनी तो स्वीकारला. त्यात डीओएजेच्या सूचीतलीही होती. नुसत्या शिक्क्यावर विसंबून चालत नाही.

तरीही आम्ही निर्धास्त आहोत. आता विद्यापीठात समिती बसेल. ती आधी उपसमिती नेमेल, उपसमिती तक्ता करेल, तक्त्यात पेपरांची संख्या भरली जाईल आणि बेरीज बरोबर आली की बढतीची प्लेसमेंट होईल. समितीवरच्या मान्यवरांना पहिल्या अंकात पन्नास टक्के सूट आहे. एखाद्याने बेरीज सोडून पेपर वाचायला मागितलाच, तर त्याची झरीच्या काकांशी गाठ घालून द्यावी. दोघंही आमच्या कामाचे नाहीत.