पाटा आणि पेंढा

मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. प्रीमियर पद्मिनी गाडीचं उत्पादन त्याआधीच थांबलं, म्हणजे बिचारी थोडक्यात वाचली होती. पण काकांची हौस! अजून जपलेली पद्मिनी घेऊन ते याच रस्त्यानं निघतात. हमरापूर फाट्याजवळ खड्ड्यांत आदळून मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा काडकन तुटतो, गाडी एका कुशीवर बसते, टायर मडगार्डला घासू लागतो. मिस्त्री न वाकताच निदान करतो, "काका, पाटा गेला. आता पुढं रेटू नका, एक्सल सरकलाय." रस्त्याचं निदान कोणी विचारत नाही, तो डायव्हर्जन आहे, म्हणजे निर्दोष. तेवढ्यात जोहे गावच्या गणपतींचा टेम्पो त्याच खड्ड्यांतून जातो. मूर्ती पेंढ्यात बसवलेल्या, सोंडेला टवकासुद्धा नाही. काका टेम्पोकडे बघत राहतात. मिस्त्री म्हणतो, "विचारा, थोडा पेंढा उरलाय का."